ठिपक्यांना अर्थ कोण देतं?



या व्यासपीठावर साहित्य, समाजकारण, इतिहास यांवर भरपूर बोललं गेलं आहे. मी आज एका संगणकी आकड्यापासून सुरुवात करणार आहे आणि शेवटी मराठी प्रकाशकांच्या दारात जाऊन उभा राहणार आहे. मधल्या वाटेवर थोडी आकडेमोड आहे, पण प्राथमिक शाळेतल्या बेरजेपलीकडे ती जाणार नाही. तेव्हा कोणी आत्ताच उठू नये.

संगणकाच्या पोटात अक्षरं नसतात, संख्या असतात. आपण मोबाइलवर ‘क’ टाइप केला की आत एक ठरलेली संख्या जाऊन बसते आणि पडद्यावर तिच्या जागी ‘क’ रेखाटला जातो. जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना असे आकडे वाटून देण्याचं काम युनिकोड करतं. मग जी लिपी बोटांनी वाचायची, त्या ब्रेलचं काय? ब्रेलमधल्या ‘क’ला आत कोणता आकडा मिळतो? डोळ्यांनी वाचायच्या ‘क’ला मिळतो तोच, की दुसरा? दुसरा मिळतो. आणि त्या दुसऱ्या आकड्याला आपण ‘क’ आहोत हे ठाऊकच नसतं. आजचं सगळं व्याख्यान या एका गोष्टीभोवती आहे.

ब्रेलची रचना इथल्या अनेकांना माहीत असेल, काहींच्या तर बोटांतच असेल. तरी एकदा सांगतो. एका सेलमध्ये दोन उभ्या रांगा, प्रत्येक रांगेत तीन जागा. डाव्या रांगेतल्या जागांना वरून खाली १, २, ३ आणि उजव्या रांगेतल्यांना ४, ५, ६ असे क्रमांक. प्रत्येक जागी ठिपका उठलेला असतो किंवा नसतो. सहा जागा, प्रत्येकीच्या दोन शक्यता; म्हणजे ६४ आकार होतात, त्यातला एक पूर्ण रिकामा. ‘क’ म्हणजे १ आणि ३. ‘ब’ म्हणजे १ आणि २. ‘अ’ म्हणजे नुसता १.

पॅरिसजवळच्या कुव्रे गावात १८०९ साली जन्मलेल्या लुई ब्रेलनं ही पद्धत १८२९ मध्ये पुस्तिकेच्या रूपानं प्रसिद्ध केली, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. त्याच्याआधी शार्ल बार्बिए यांनी बारा ठिपक्यांची पद्धत काढली होती. तिच्यात चिन्हं उच्चाराची होती, आणि मुख्य अडचण म्हणजे बारा ठिपके बोटाच्या एका पेराखाली मावत नसत. बोट वरखाली हलवावं लागे. ब्रेलनं बारांचे सहा केले. त्यानं संगणकाच्या शून्य-एकाची चाहूल शंभर वर्षं आधीच घेतली होती, असं हल्ली भाषणांतून ऐकू येतं. मला ते कौतुक उसनं वाटतं. त्याच्यापुढे एकच सवाल होता, बोटाला एका स्पर्शात काय कळेल. सहा ठिपक्यांचं हे उत्तर पुढे यंत्रालाही सोयीचं पडलं, इतकंच.

सोयीचं पडलं, पण लगेच नाही. संगणकांच्या सुरुवातीच्या काळात ब्रेलसाठी स्वतंत्र आकडे कोणी राखलेच नव्हते. अस्की नावाच्या अमेरिकी तक्त्यात छापता येण्याजोगी ९५ चिन्हं होती. त्यांतली ६४ उचलून ब्रेलच्या ६४ आकारांना चिकटवण्यात आली. इंग्रजी ब्रेलमध्ये जो आकार ‘एम’चा, त्याला एम हेच अक्षर दिलं, २६ अक्षरं अशी सरळ लागली. उरलेल्या आकारांना आकडे आणि विरामचिन्हं वाटली. या पद्धतीनं साठवलेल्या फाइलला बीआरएफ म्हणतात.

तिची गंमत आपल्याच शब्दावर पाहा. ‘मराठी’ हा शब्द ब्रेलमध्ये पाच सेलचा होतो: म, र, आ, ठ, ई. त्याची बीआरएफ फाइल साध्या पडद्यावर उघडली, तर एम दिसेल, मग आर, मग गणितातलं ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह, मग डब्ल्यू आणि शेवटी ९चा आकडा. डोळसाला हा कचरा वाटेल. तीच फाइल एम्बॉसरकडे, म्हणजे कागदावर ठिपके उठवणाऱ्या छपाईयंत्राकडे धाडली, की ‘मराठी’ हा शब्द बिनचूक उठतो. दशकानुदशकं जगातल्या ब्रेल छापखान्यांनी या सोंगावर काम भागवलं आणि आजही बीआरएफ फायलींचे ढीगच्या ढीग वापरात आहेत.

त्यात दोष होतेच. फाइलमध्ये एम आहे तो खरा इंग्रजी एम की ब्रेलचं सोंग घेतलेला, हे फाइल सांगू शकत नाही. दुसऱ्या देशांनी आपापले वेगळे तक्ते केले, त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याच्या यंत्रावर भलतंच काही छापे. आणि तिसरी अडचण आठ ठिपक्यांच्या ब्रेलची. संगणकाच्या पडद्यावरच्या प्रत्येक चिन्हाला एकच सेल मिळावा, मोठ्या लिपीतल्या इंग्रजी अक्षरापुढे वेगळी खूण लावावी लागू नये, म्हणून सेलच्या तळाशी आणखी दोन ठिपके जोडले गेले: तिसऱ्याखाली ७वा, सहाव्याखाली ८वा. आठ ठिपक्यांचे २५६ आकार होतात. ९५ चिन्हांच्या तक्त्यात ते बसणार कुठून?

सप्टेंबर १९९९ मध्ये युनिकोडची तिसरी आवृत्ती आली आणि तिच्यात ब्रेलला स्वतःची जागा मिळाली. २८०० पासून २८एफएफ पर्यंत, सलग २५६ पत्ते. या पत्त्यांची वाटणी मला फार देखणी वाटते, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पहिल्या ठिपक्याची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, चौथ्याची ८, पाचव्याची १६, सहाव्याची ३२, सातव्याची ६४ आणि आठव्याची १२८. जे ठिपके उठलेले असतील त्यांच्या किमतींची बेरीज करायची आणि ती २८०० मध्ये मिळवायची, की त्या आकाराचा पत्ता तयार. ‘द’ घ्या. त्याचे ठिपके १, ४, ५. किमती १, ८ आणि १६, बेरीज २५. युनिकोडचे पत्ते सोळाच्या पायावर लिहितात आणि त्या पद्धतीत २५ हा आकडा १९ असा लिहिला जातो. म्हणून ‘द’च्या आकाराचा पत्ता २८१९. उलटही तितकंच सोपं आहे: पत्ता हातात असला की कुठले ठिपके उठलेले आहेत ते बेरीज सोडवून कळतं, तक्ता बघावा लागत नाही. देवनागरीत असं काही नाही. ‘क’चा पत्ता ०९१५ आहे, पण त्या आकड्याकडे कितीही वेळ पाहिलं तरी ‘क’ला दांडी असते की नाही हे कळणार नाही.

सातवा आणि आठवा ठिपका सर्वांत मोठ्या किमतीचे ठेवण्यातही शहाणपण आहे. त्यामुळे जुने सहा ठिपक्यांचे ६४ आकार पहिल्या ६४ पत्त्यांवर एकत्र राहिले.

आता नावं पाहा. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला अधिकृत नाव असतं. ०९१५ चं नाव ‘देवनागरी अक्षर क’ अशा अर्थाचं आहे. २८१९ चं नाव मात्र ‘ब्रेल पॅटर्न डॉट्स-१४५’. तो ‘द’ आहे असा उल्लेख कुठेही नाही. त्या नावात फक्त उठलेले ठिपके मोजले आहेत. हे विसरून राहिलेलं नाही, ठरवून केलेलं आहे. कारण १, ४, ५ हा आकार मराठीत ‘द’, इंग्रजीत ‘डी’, रशियन आणि अरबीतही ‘द’च्याच जातीचं अक्षर. त्याच्याआधी अंकचिन्ह आलं तर तो ४ होतो. पाश्चात्त्य संगीताच्या ब्रेल लिपीत तोच आकार ‘सी’ हा स्वर असतो, आठव्या भागाच्या मात्रेचा. लुई ब्रेलनं १८२९ च्या पुस्तिकेच्या नावातच शब्दांबरोबर संगीतालाही बसवलं होतं. तेव्हा एका आकाराचे अनेक अर्थ ही गोष्ट ब्रेलमध्ये जन्मापासूनच आहे.

यावर काहींचा आक्षेप असतो. युनिकोडनं मराठी ब्रेलचा ‘द’ वेगळा, इंग्रजी ब्रेलचा ‘डी’ वेगळा असे स्वतंत्र पत्ते का दिले नाहीत? बाकी सगळ्या लिप्यांना अर्थासकट जागा आणि अंधांच्या लिपीला नुसते ठिपके? माझं मत स्पष्ट आहे: युनिकोडनं केलं तेच बरोबर. ते का, हे समजायला आपल्याच देशाचा इतिहास पुरेसा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून भारतात ब्रेलच्या अनेक पद्धती नांदत होत्या. नीलकंठराय छत्रपतींची एक, कोलकात्यात लाल बिहारी शहांची दुसरी, मिशनऱ्यांची ‘ओरिएंटल ब्रेल’ तिसरी, म्हैसूरची आणखी निराळी. एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या शाळेचं पुस्तक वाचता येत नसे. १९४९ मध्ये भारत सरकारनं युनेस्कोला लिहिलं की यात एकसूत्रीपणा आणायला मदत करा. त्यातून १९५० मध्ये पॅरिसला आणि १९५१ मध्ये बैरुतला परिषदा झाल्या. या कामाची धुरा न्यूझीलंडच्या सर क्लूथा मॅकेन्झी यांच्याकडे होती. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला त्यांची दृष्टी गेली होती. त्या घडामोडींतून भारती ब्रेल आकाराला आली. तिचं मुख्य सूत्र असं की भारतीय भाषांत समान असलेल्या ध्वनीला सगळीकडे एकच आकार, आणि शक्य तिथे इंग्रजीतल्या जवळच्या अक्षराचाच. म्हणून १ आणि ३ हा आकार इंग्रजीत ‘के’, आणि मराठी, बंगाली, गुजराती, तमिळ सगळ्यांत ‘क’.

समजा, १९१० साली कोणी ठिपक्यांबरोबर अर्थही कायमचे कोरून ठेवले असते, तर १९५१ नंतर त्या कोरलेल्या अर्थांचं काय केलं असतं? युनिकोडमध्ये एकदा दिलेला पत्ता मागे घेता येत नाही, दिलेलं नावही बदलता येत नाही. आकार टिकतात, अर्थ बदलतात. कायम राहणाऱ्या गोष्टीत बदलणारी गोष्ट गुंतवू नये, एवढा साधा विचार त्यामागे आहे. ज्यानं जे ठिपके उठवले, ते तसेच्या तसे दुसऱ्या यंत्रापर्यंत पोहोचावेत, एवढंच काम युनिकोडनं अंगावर घेतलं.

मग अर्थ राहतो कुठे? तो राहतो भाषांच्या रूपांतर-तक्त्यांत. ‘लिबलुई’ नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. नाव अर्थातच लुई ब्रेलवरून. त्याचं काम २००२ च्या सुमारास अमेरिकेत सुरू झालं आणि ते पुढे नेणारे जॉन बॉयर स्वतः अंध आणि बधिर होते. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ब्रेलसाठी लिबलुईचाच आधार घेतो. लिबलुईमध्ये भाषेगणिक तक्ते असतात, त्यांत मराठीचाही आहे. तक्त्यातली एखादी ओळ सांगते की ०९१५ दिसला तर १ आणि ३ हे ठिपके उठव. अशा ओळी एकाखाली एक. त्यातली एक ओळ चुकली तर त्या भाषेतल्या प्रत्येक वाचकाच्या बोटाखाली तीच चूक येणार.

मराठीची गाठ इथे कशी सुटते हे पाहण्यासारखं आहे. ‘कि’ लिहिताना आपण वेलांटी ‘क’च्या आधी काढतो, उच्चारात मात्र ती नंतर येते. युनिकोडमध्ये देवनागरी उच्चाराच्या क्रमानं साठवली जाते: आधी क, मग वेलांटी. ब्रेलमध्येही आधी क, मग इ. रफाराचंही तसंच. ‘अर्क’ मधला र आपण क च्या डोक्यावर ठेवतो, पण फाइलमध्ये तो क च्या आधी आणि ब्रेलमध्येही आधीच. म्हणजे संगणकातली देवनागरी आणि ब्रेल या दोघींचा क्रम जुळतो. एकट्या कागदावरच्या देवनागरीचा वेगळा. फरक आहे तो जोडाक्षरात. फाइलमध्ये हलन्त व्यंजनानंतर येतो, ब्रेलमध्ये त्याची खूण, म्हणजे नुसता ४था ठिपका, व्यंजनाच्या आधी येते. ‘क्य’ लिहायचा तर आधी खूण, मग क, मग य. बोटानं वाचताना हे शहाणपणाचं आहे, कारण पुढे जोडाक्षर येत असल्याची सूचना आधीच मिळते. याउलट ‘क्ष’ फाइलमध्ये क, हलन्त, ष असा तीन पत्त्यांचा, आणि ब्रेलमध्ये चक्क एका सेलचा.

‘मऊ’ हा शब्दही तपासून पाहा. ब्रेलमध्ये काना-मात्रा नसतात, व्यंजनापुढे पूर्ण स्वरच लिहितात. म पुढे ऊ लिहिला तर ‘मू’ वाचला जाईल. म्हणून मध्ये अ घालावा लागतो: म, अ, ऊ. तक्ता करणाऱ्याला ही जाण नसेल तर मऊ भाकरीची मू भाकरी व्हायला वेळ लागत नाही.

ब्रेलवरून उलट देवनागरीत येताना खरा कस लागतो. ३, ४, ५, ६ हे चार ठिपके म्हणजे ‘ण’, आणि हेच चार ठिपके म्हणजे अंकचिन्हही, ज्याच्यानंतर अ हा १ होतो, ब हा २, द हा ४. यंत्रानं ओळखायचं कसं? मराठी वाचक बिनदिक्कत ओळखतो, कारण मराठी शब्द ‘ण’नं सुरू होत नाही. शब्दारंभी तो आकार आला की अंक, शब्दात मध्ये आला की ण. इथे कोणी जैन श्रोते असतील तर ते लगेच म्हणतील, ‘णमोकार’चं काय? हरकत योग्य आहे. पण तिथे पुढचा आकार ‘म’ आहे आणि ‘म’ हा कुठलाच अंक नाही, तेव्हा तिथेही यंत्र चाणाक्ष असेल तर सुटेल. हे ज्ञान युनिकोडच्या २८३सी या पत्त्यात कुठेही नाही. ते मराठी जाणणाऱ्या माणसाकडे आहे.

त्याहून मोठी अडचण आहे ती भाषेची. १ आणि ३ हा आकार मराठीत परत न्यायचा तर ०९१५, बंगालीत ०९९५, गुजरातीत ०ए९५, तमिळमध्ये ०बी९५. ठिपके तेच. भारती ब्रेलनं या भाषांना जवळ आणलं, आणि त्याच जवळिकीमुळे नुसत्या ठिपक्यांच्या फाइलवरून भाषा ओळखता येत नाही. म्हणून ब्रेल फाइलीसोबत तिची भाषा लिहून ठेवणं अत्यावश्यक आहे. डेझी कन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पुढाकारानं आकाराला आलेल्या ‘ई-ब्रेल’ या नव्या पुस्तकस्वरूपात ती सोय आहे, आणि त्यात अस्कीच्या सोंगाऐवजी युनिकोडचेच ठिपके वापरतात. माझ्या मते बीआरएफला निरोप द्यायची वेळ आता आली आहे.

रिकाम्या सेलबद्दल दोनच वाक्यं. २८०० हा पत्ता रिकाम्या सेलचा. पण युनिकोडच्या वर्गवारीत तो ‘मोकळी जागा’ नाही, चिन्ह आहे. समाजमाध्यमांवर अदृश्य नाव घ्यायची हौस असलेले लोक त्याचा उपयोग करतात! बाकीचे आकार वापरून ठिपक्यांची चित्रंही काढली जातात आणि मंगलप्रसंगी धाडली जातात. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याच्या कानावर मात्र अशा चित्रातल्या एकेका सेलचे ठिपके मोजून ऐकवले जाऊ शकतात. पाठवणाऱ्यानं ज्यांची लिपी उचलली, त्यांच्याच वाट्याला तो गोंगाट येतो.

सध्याची व्यवस्था अशी आहे. डोळ्यांनी न वाचणारा विद्यार्थी संगणकाला ब्रेल डिस्प्ले जोडतो. त्यात २० किंवा ४० सेलची एक ओळ असते, प्रत्येक सेलमध्ये खालीवर होणाऱ्या आठ बारीक पिना. मजकूर देवनागरीत असतो, तक्ता त्याचे ठिपके करतो, पिना उठतात. लिहायचं तर साध्या कळफलकावर एफ, डी, एस या कळा १, २, ३ ठिपक्यांच्या आणि जे, के, एल या ४, ५, ६ च्या होऊ शकतात. ही साखळी चालते. पण एका अटीवर: सुरुवातीला असलेला मजकूर खरोखर देवनागरी हवा.

आणि मित्रहो, आपलं घोडं इथेच अडतं. युनिकोड रुळण्याआधी मराठी पुस्तकं ज्या डीटीपी फॉन्टमध्ये जुळवली गेली, आणि काही छापखान्यांत अजूनही जुळवली जातात, त्यांत देवनागरी साठवलेलीच नसते. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचे आकडे असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी काना, वेलांटी, अर्धा त, दांडी असे तुकडे रेखाटतो. पडद्यावर सुबक मराठी, आत भलतंच. बीआरएफचं सोंग आणि हे सोंग एकाच जातीचं. फरक इतकाच की बीआरएफचा तक्ता सर्वांना ठाऊक होता आणि या फॉन्टांचे तक्ते घरोघरी वेगळे. अशा फाइलीला लिबलुईचा मराठी तक्ता लावून उपयोग नाही, कारण तिथे ०९१५ कधी येतच नाही. स्क्रीन रीडर ती इंग्रजी समजून बडबडतो. मग कोणीतरी स्वयंसेवक छापील पुस्तक समोर ठेवून पानन्‌पान पुन्हा टाइप करतो. जे पुस्तक एकदा संगणकावर जुळवलं गेलंच होतं, ते दुसऱ्यांदा जुळवायचं! मला याचा राग येतो.

काही लेखनाला मात्र देवनागरी मूळ नसतंच. एखाद्या अंध लेखकानं पाटी आणि स्टायलस घेऊन हातानं टोचलेली वही, किंवा ब्रेलमधलं संगीत, किंवा अब्राहम नेमेथ यांच्या पद्धतीतलं गणित, हे सारं मुळात ठिपक्यांतच जन्मतं. तिथे युनिकोडचे २५६ पत्ते हेच खरं दप्तर. लेखकानं टोचलेला ठिपका न् ठिपका, त्याच्या सवयींसकट, त्यात जपला जाईल. अशा वह्या महाराष्ट्रातल्या अंधशाळांत आणि घरांत पडून असतील, तर त्या कुरतडल्या जाण्याआधी ठिपक्यांच्या फायलींत उतरवून घ्याव्यात. छापील पुस्तकांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी ब्रेल हे शेवटचं रूप आहे, मूळ देवनागरी फाइल जपणं महत्त्वाचं.

कायदा आड येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या स्वामित्वहक्क कायद्यानं दिव्यांग वाचकांसाठी पुस्तक सुलभ स्वरूपात आणायला मोकळीक दिली आहे. जून २०१३ मध्ये याच विषयावर माराकेशला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. वाचकही आहेत, स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं ते वाचकांच्या भरवशावरच.

सभागृहात प्रकाशक, संपादक, दिवाळी अंक काढणारे बरेच दिसताहेत, त्यांना एकच विनंती. पुढचं पुस्तक युनिकोडमध्ये जुळवून घ्या. छपाई झाल्यावर शेवटचं मुद्रितशोधन झालेली फाइल छापखान्याकडून मागून घ्या आणि पुस्तकाच्या नावानं नीट ठेवा. अंधांसाठी काम करणाऱ्या एखाद्या ग्रंथालयाचा फोन आला, तर ती त्याच दिवशी पाठवून द्या.